दुपारी एकपर्यंतचा धीर

"घरी एक घास घशाखाली उतरत नाही त्याच्या, आणि तुमच्याकडे दोनदा खिचडी मागून घेतो. असं काय घालता हो ताई तुम्ही तिच्यात?"

रेवदंड्यातल्या बहुतेक आयांनी मला हे कधी ना कधी विचारलं आहे. विचारताना आवाजात कौतुक कमी आणि संशय जास्त. खिचडीत खास काही नसतं. तांदूळ, डाळ, हळद, मीठ, बेताचं तेल. बचत गटाच्या बायका रांधून आणतात, कधी पातळ, कधी डब्यातून सुटायला तयार नाही इतकी घट्ट. घरच्या कालवणाची चव तिला येणार कुठून? पण शेजारी मांडीला मांडी लावून दुसरं पोर बसलेलं असतं आणि त्याच्या ताटलीतली खिचडी संपत चाललेली दिसते. शिवाय मी घास घेऊन कुणाच्या मागे धावत नाही. धावावंसं वाटलं तरी जमणार नाही, कारण नेमकं त्याच वेळी कुणीतरी सुरूचं बोंड नाकात जातं का ते बघत असतं. 'नाही जेवायचं? बरं, नको जेवूस,' असं खोलीभर पोरांच्या ताईला म्हणता येतं. एका पोराच्या आईला नाही म्हणता येत. तिचा जीव त्या घासात अडकलेला असतो, आणि पोराला ते बरोब्बर कळतं.

मी इथे अंगणवाडी सेविका आहे. गावाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी, खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला. इकडे पोर्तुगीजांच्या पडक्या तटाच्या आतच नारळी-पोफळीच्या वाड्या आणि माणसांची घरं. पूल ओलांडला की साळावचा पोलाद कारखाना. त्यामुळे माझ्या पटावर सगळी सरमिसळ असते. कोळीवाड्यातली पोरं, आगऱ्यांची, वाडीवाल्यांची, कामाला आलेल्या परराज्यातल्या कुटुंबांची. या शेवटच्या पोरांना पहिल्या आठवड्यात माझं काही कळत नाही आणि मला त्यांचं. महिनाभरात ती कोळी पोरांकडून "मना नको" म्हणायला शिकतात, आणि मग त्यांच्या आया मला येऊन विचारतात की हे काय बोलायला लागलंय आमचं पोर.

जेवणाचाच विषय निघालाय तर बोंबलाचं सांगते. कोळीवाड्यातला एक साडेतीन वर्षांचा मुलगा सुरुवातीला खिचडीला तोंड लावेना. ताटली पुढे घेऊन नुसता बसायचा. मग एक दिवस अचानक खायला लागला. एक घास, मग थोडा वेळ खाली मान, मग दुसरा घास. मला वाटलं आली गाडी रुळावर. आमच्या मदतनीस मावशींना मात्र वास आला. त्याच्या चड्डीच्या खिशात अख्खा सुका बोंबील होता. तो काढायचा, नाकाशी धरायचा, शेपटाकडून जरासा चाटायचा, परत खिशात ठेवायचा आणि वर खिचडीचा घास. दाराशी एक मांजर रोज का येऊन बसतं, याचाही तेव्हाच उलगडा झाला. आजीला बोलावलं तर ती शांतपणे म्हणाली, "अगो बाय, वासाबिगर त्याला घास जात नाय." नियमात बघायला गेलं तर बाहेरचं काही आत चालत नाही, आणि वर्गात माळकऱ्यांच्या घरचीही दोन पोरं. मी मावशींना म्हटलं, चड्डीतलं चड्डीत राहू दे, पोर जेवतंय ना? आईला मात्र ते परवडेना. चड्डी धुऊन धुऊन तिचा जीव गेला. पुढे पाऊस लागला, घरातले बोंबील मऊ पडले, आणि हा आपसूक साधी खिचडी खायला लागला.

असल्या गोष्टींना रजिस्टरात रकाना नाही. रकाने आहेत ते वजनाचे, उंचीचे, दंडघेराचे. वजनाच्या दिवशी काट्याला टांगलेल्या झोळीत बसायचं म्हटलं की एक जण रडतो, त्याचं बघून दुसरा, आणि तिसरा टेबलाच्या पायाला मिठी मारतो. म्हणून मी आधी बाहुलीचं वजन करते, मोठ्याने वाचते, वहीत लिहिल्यासारखं करते. मग बाहुलीपेक्षा आपण जड आहोत हे सिद्ध करायला सगळे रांगेत. दंडाला लावायच्या पट्टीवर तीन रंग असतात. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा, त्याखाली पिवळा आणि साडेअकराच्या खाली लाल. पोरांना लाल आवडतो. "मला लाल दे ना ताई," म्हणून हट्ट करतात. एकीने तर हिरवा आला म्हणून भोकाड पसरलं.

आयांचं उलटं. पिवळ्यात पोर आलं की ती आई चार दिवस वाटेत दिसली तरी नजर चुकवते. तिला वाटतं पट्टी पोराच्या दंडाला लावली, पण मापलं मला. घरात सासू आहे, शेजारी जावेचं गुटगुटीत पोर आहे, त्यात ही ताई चार बायकांसमोर आकडा वाचणार. म्हणून मी आता आकडा मोठ्याने वाचतच नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या ओटीवर जाऊन बसते, आधी नारळाच्या भावाचं बोलते, पाण्याच्या नळाचं बोलते, आणि मग हळूच, पोराला दुपारचं काय देतेस गं? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं. चहा-बिस्कीट. दहा रुपयांत पोर गप्प बसतं आणि तिला तेवढ्यात मासळी साफ करता येते. पुस्तकातला चौरस आहार मला पाठ आहे, पण ती हातातली मासळी कुठे ठेवणार, याचं उत्तर पुस्तकात नाही.

प्रशिक्षणात आम्हाला ताराबाई मोडकांचं नाव सांगतात. १९४५ मध्ये त्या डहाणूकडे बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर, आणि १९५७ पासून तेच काम कोसबादच्या टेकडीवर. गरिबांची पोरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच पोरांच्या अंगणात नेली. आधी आंघोळ, नखं, केस, मग गाणी-गोष्टी. महागड्या साहित्याऐवजी पानं, बिया, शंख-शिंपले. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तिच्या कितीतरी आधीचं हे. मला त्यातलं सगळ्यात पटतं ते नखांचं. रेवदंड्याची वाळू काळी, त्यामुळे पोर कालच्या संध्याकाळी कुठे होतं ते नखं सांगतात. वाळू असेल तर समुद्रावर, लाल माती असेल तर वाडीत. नखं कापताना पोरं जितकं बोलतात तितकं गोष्ट सांगताना बोलत नाहीत. हात आपल्या हातात असतो, पळता येत नाही, मग घरातलं सगळं बाहेर येतं. बाबा आजीशी का बोलत नाहीत, कपाटात काय लपवलंय, मामीच्या पोटात काय आहे. मला गावातल्या काही गोष्टी संबंधित माणसांच्या आधी कळलेल्या आहेत. त्या इथे लिहीत नाही.

आता वैतागाचं. कुणी मला विचारलं की सगळ्यात जास्त कशाने डोकं उठतं, तर मी रडणं म्हणणार नाही, मारामारीही नाही. 'शू'. एकाने "ताई, शू" म्हटलं की पाच मिनिटांत सगळ्यांना येते. एकटं कुणी जात नाही. परत येताना प्रत्येकाच्या पायात दुसऱ्याची चप्पल, निदान एका पायात. त्यात धाकटी काही येताना चड्डी तिकडेच सोडून येतात. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात घोडा घेऊन इथल्या चौल बंदरात उतरला होता; रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. त्याने आपल्या टिपणात लिहून ठेवलंय की इथे पोरं पुष्कळ, गोरा माणूस बघायला लोक मागे मागे फिरतात, आणि मुलगे-मुली सात वर्षांपर्यंत नागडीच हिंडतात. गावातले लोक निकितिनचा अभिमानाने उल्लेख करतात. मी त्याला फक्त एवढंच सांगेन की बाबा, साडेपाचशे वर्षांत आम्ही सातावरून तीनावर आणलंय, त्याच्या पुढे प्रयत्न चालू आहेत.

दुसरा वैताग उवांचा. पण तो माझ्यापुरता राहिला नाही. माझ्या डोक्यातून तो माझ्या घरी गेला आणि घरच्यांनी जे ऐकवायचं ते ऐकवलं.

आनंदाचे प्रसंग सांगायला बसलं की पंचाईत होते, कारण सांगितल्यावर ते फार बारीक वाटतात. पोरांना कधीतरी दोरी धरायला लावून समुद्रावर नेते. सगळ्यांनी दोरी धरायची, सुटली की परत. वाटेत तट लागतो, पुढे सातखणी बुरूज. तो आता अर्धामुर्धाच उभा आहे. दर वर्षी कुणीतरी विचारतं, हा कुणी मोडला? मी सांगते, खूप वर्षांपूर्वी इथे पोर्तुगीज होते, मग मराठ्यांशी लढाया झाल्या, १७४० मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला, पुढे ऊन-पावसाने पडत गेला. पोरांना यातलं काहीच पटत नाही. मग त्यांचं त्यांचं सुरू होतं. एक म्हणाली, वर राजाची पोरं उड्या मारत होती, राजाची आई ओरडत होती मारू नका म्हणून, त्यांनी ऐकलं नाय. दुसऱ्याने विचारलं, मग राजाच्या आईने काय केलं? ती म्हणाली, "काय करनार, झाडू मारला." इतिहासाच्या पुस्तकात न सापडणारी ही माहिती मी त्या दिवशीच्या 'मुलांशी मुक्त संवाद' या सदरात लिहून टाकली होती. पर्यवेक्षिका बाईंनी खाली सही केली. वाचली असेल असं वाटत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर येऊन आदळलं. नारळ-पोफळी आडव्या झाल्या, पत्रे उडाले, वीज कितीतरी दिवस नव्हती. तेव्हा टाळेबंदीमुळे अंगणवाडी बंदच होती, आम्ही घरोघर शिधा पोचवत होतो. मोठी माणसं पडलेल्या वाडीकडे बघत बसलेली आणि त्यांच्याच अंगणात पोरांचा 'वादळ-वादळ' खेळ. एक जण वारा, दोघं माड, एक विजेचा खांब, आणि पत्रा व्हायला सगळ्यांची भांडणं, कारण पत्र्याला सगळ्यात लांब पळायला मिळायचं. एका घरी आजोबांनी आधी पोरांवर काठी उगारली. मग थोड्या वेळाने म्हणाले, माड असा नाय पडत, आधी कलंडतो, बघ असा. आणि स्वतः उठून कलंडून दाखवलं.

माझी स्वतःची मुलगी माझ्याच अंगणवाडीत होती. तिथे तिने मला 'आई' म्हणायचं नाही, सगळ्यांसारखं 'ताई' म्हणायचं, असं ठरलेलं होतं, आणि तिने ते पाळलं. एकदा संध्याकाळी घरी पाणी भरायचं होतं, कुकर लावलेला, तिने पिठाचा डबा उपडा केला आणि मी जोरात ओरडले. ती रडली नाही. पीठ लागलेल्या हातांनी उभी राहून म्हणाली, "आई, तू आता ताई हो ना."

मी तिला जवळ घेतलं वगैरे, ते झालंच. पण ते वाक्य मी बरीच वर्षं बरोबर वागवते आहे. आमच्या कामात धीराचं फार कौतुक होतं. 'तुमच्याकडे किती पेशन्स आहे हो' असं लोक म्हणतात, जणू काही तो रक्तगटासारखा जन्माने येतो. मला नाही तसं वाटत. अंगणवाडीत पीठ सांडलं तर ते माझं पीठ नसतं, मावशी झाडू घेऊन तयार असतात, आणि दुपारी एक वाजता प्रत्येक पोर कुणाच्या तरी बोटाला लागून घरी जाणार हे मला माहीत असतं. सुटायची वेळ ठाऊक असली की माणूस देवासारखं वागू शकतं. घरच्या बाईला एक वाजत नाही. तिचं पीठ तिचंच, झाडूही तीच मारणार, आणि हे रात्री पोर झोपेपर्यंत. त्यामुळे कुणी आई माझ्यासमोर पोराला धपाटा घालते तेव्हा मी तिला सुनावत नाही. पोराला हळूच उचलून घेते आणि तिला विचारते, सकाळपासून तू जेवलीस का?

हेच मला दर पावसाळ्यात उलट्या बाजूने बघायला मिळतं. १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, जाळी विणायला काढलेली, आणि बापे घरी. एरवी ज्यांचं तोंडही मला दिसत नाही ते बाप या दोन महिन्यांत पोरांना सोडायला येतात. खांद्यावर बसवून, भिजत, बहुधा उशिरा. पोराच्या केसांना तेल चोपडलेलं, पावडर मानेपर्यंत, आणि शर्ट उलटा. हे बाप फार प्रेमळ. आईने वर्षभर लावलेली शिस्त आठवड्याभरात मोडून टाकतात. रडलं की उचल, मागितलं की दे. बायका माझ्याकडे येऊन तक्रार करतात की यांनी पोराला पार डोक्यावर बसवलं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र गंमत होते. तोच बाप दारात पोराला अक्षरशः टाकतो आणि म्हणतो, "ताई, याला जरा उशिरापर्यंत ठेवता काय?" चेहरा बघितला की कळतं, बायको बाजारात गेलेली असणार आणि हा दोन तास पोराच्या मागे धावलेला असणार. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की ही मंडळी कामाला लागतात. एक जण जाताना मला म्हणाला होता, दर्यात बरं ताई, तिथं जाळं सारखं 'का?' म्हणून विचारत नाय.

अलीकडे धीराची परीक्षा पोरांपेक्षा मोबाईल जास्त घेतो. सरकारच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये हजेरी भरायची, आहार भरायचा, वजनं भरायची. २०२१ मध्ये आधी दिलेले मोबाईल चालेनात आणि अ‍ॅप इंग्रजीत, म्हणून राज्यभरातल्या सेविकांनी ते सरकारला परत केले होते. नंतर बरंच बदललं, पण कटकट गेली नाही, नुसती जागा बदलली. आता शिधा द्यायचा तर आईचा चेहरा मोबाईलला दाखवायचा, डोळे मिचकवायचे. केवायसीला ओटीपी लागतो, आणि घरातला एकुलता एक नंबर नवऱ्याच्या मोबाईलमध्ये, नवरा बोटीवर, बोट रेंजच्या बाहेर. आई टोपली डोक्यावर घेऊन उभी, तिची मासळी उन्हात तापतेय, आणि मी तिला म्हणते, परत एकदा पापणी हलव गं.

एकदा पोरं 'अंगणवाडी-अंगणवाडी' खेळत होती. हा खेळ मला आवडतो, कारण त्यात आपण कसे दिसतो ते कळतं. एक चुणचुणीत मुलगी ताई झाली होती. तिने ओढणीसारखा टॉवेल घेतला, सगळ्यांना बसवलं, आणि मग साबणाचं रिकामं खोकं हातात धरून त्यावर अंगठा फिरवत राहिली. पोरं काय काय सांगतायत, हिचं लक्ष नाही. मध्येच मान वर करून म्हणाली, "थांबा रे, फोटू काढायचाय. हसा." सगळी हसली. तिने परत मान खाली घातली. मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून मोबाईल पोरं गेल्यावर उघडायचा ठरवलं. तसं केलं की फोटोची वेळ उशिराची पडते आणि वरून विचारणा होते. विचारणेला उत्तर देणं तुलनेने सोपं आहे.

आयांची मुख्य मागणी मात्र आहार, पुस्तकं, खेळणी यातली एकही नाही. "ताई, चारपर्यंत ठेवा ना." एवढंच. मासळी विकणारीचा दिवस दुपारी संपत नाही, अलिबागला एसटीने गेलेली बाई एकला परत येऊ शकत नाही, आणि पर्यटकांच्या खोल्या साफ करणारीला तर शनिवार-रविवारीच काम. घरी म्हातारी आहे म्हणावं तर तिचे गुडघे गेलेले, आणि पोर विहिरीच्या कठड्याशी. मी माझ्या जिवावर ठेवून घेतलं असतं, पण मलाही माझं घर आहे, आणि एक वाजल्यानंतर माझ्यातली ताई किती उरते ते मी वर सांगितलंच.

शेवटी कोळीवाड्यातल्या चौघींनी आपसात तोडगा काढला. रोज एकीने घरी थांबायचं, चौघींची पोरं तिच्या ओटीवर. बाकीच्या तिघी बाजारात, आणि घरी राहिलेलीची पाटी त्यातलीच एक विकून देणार. हिशोब सोपा, कागद नाही, सही नाही. मला वाटलं पंधरा दिवसांत मोडेल. मोडलं नाही. भांडणं मात्र रोज. हिने माझ्या पोराला चहा का दिला, तिच्याकडे टीव्ही का चालू होता, माझी पाटी स्वस्तात का दिली. परवा दुपारी मी कुलूप लावून चप्पल घालत होते, तर दोघी तावातावाने आल्या. एकीच्या पोराने दुसरीच्या पोराच्या दंडाला कडकडून चावा घेतला होता. दोन्ही पोरं मागे उभी राहून एकच चिक्की आळीपाळीने चोखत होती. "ताई, तुम्हीच सांगा आता, कुणाचं चुकलं ते!"

मी म्हटलं, "बाई गं, एक वाजून गेला."